चुणचुण

१

गिऱ्हाइकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, की पील म्हणजे क्रीम नव्हे. ते वरची कातडी सोलणारं ऍसिड आहे, सौम्य असलं तरी ऍसिडच. आधी कानामागे थेंबभर लावून बघायचं, एक दिवस थांबायचं, लाल झालं तर बाटली घेऊन सरळ माझ्याकडे यायचं. पन्नाशीनंतरच्या कातडीशी दांडगाई चालत नाही. थोडी चुणचुण व्हायलाच हवी, पण आग व्हायला लागली तर लगेच धुऊन टाकायचं. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की गाढ झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणून दाखवीन.

"तुम्ही स्वतः लावता का हो?" असं एखादी खवचट बाई विचारतेच. "तर! उगाच का चेहरा असा राहिलाय?" मी ठोकून द्यायचे. खरं तर सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरमागे अर्धं आयुष्य गेलं, पण मी पील कधी लावलं नव्हतं. मला चटक्यांची भीती वाटते. लहानपणी मलम लावतानासुद्धा मी घर डोक्यावर घ्यायचे.

आमच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. गोड बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं नीट कळायला जरा वेळ लागतो. एक दिवस त्या म्हणाल्या, "नवीन काउंटर सुरू होतंय ना, तिथे जरा फ्रेश चेहरे हवेत. तुमच्यासारखं अनुभवी माणूस मला मागे गोदामात लागेल. तुमच्याशिवाय कोण सांभाळणार ते?"

गोदामाला खिडकी नाही. खोके, एक लुकलुकती ट्यूब आणि खुर्ची. आमच्यातली एक उंच बाई अशीच अनुभवी म्हणून आत गेली होती. वर्ष सरायच्या आत तिला चहाला हाक मारायचं आमच्या लक्षात राहीनासं झालं. मीसुद्धा विसरायचे. त्या दिवशी घरी येताना मी पिशवीत पीलची बाटली घेऊन आले.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. झटका आल्यापासून आईची उजवी बाजू गेली आहे. बोलणं तुटक, एका वेळी दोन-तीन शब्द. डाव्या हातात एक स्टीलचा चमचा असतो, काही हवं असलं की ती तो पलंगाच्या कठड्यावर वाजवते. तहानेची टकटक वेगळी, कुशीवर वळवायची वेगळी, मी टीव्हीवर भलतंच काही लावलं तर त्या रागाची वेगळी. मला सगळ्या ओळखता येतात. मी दुकानात असताना एक मावशी तिच्याजवळ असतात. लेक लग्न होऊन लांब गेली. एका जागी पाय ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. आता तिला दिवस गेलेत, त्यामुळे झक मारत एका जागी बसली आहे.

त्या संध्याकाळी मी कानामागे थेंबभर पील लावलं, घड्याळ बघितलं, दात आवळून उभी राहिले. काही झालं नाही. गार पाणी लावल्यासारखं वाटलं, बस. दुसऱ्या दिवशी आरशात मान वाकडी करकरून पाहिलं, लालीचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते हे होय, असं म्हणून मी स्वतःलाच हसले.

२

त्याच सकाळी मावशी आईची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "ताई, आईंच्या कानामागे बघा हो. लाल झालंय."

मी वाकून पाहिलं. डाव्या कानामागे नाण्याएवढा डाग होता, मधोमध कातडी जरा सुटलेली.

"उशी घासली असेल," मी म्हणाले. "अभ्रा बदला. तो सुती घ्या, कपाटात वरच आहे."

"मीपण तेच म्हटलं," मावशी म्हणाल्या.

झोपून असलेल्या माणसाला असं व्हायचंच. आई झोपते उजव्या कुशीवर, डावा कान तर वरच असतो. हे मला तेव्हासुद्धा दिसलं होतं. पण दुकानाला उशीर होत होता, आणि उशीर झाला की माणसाला पटकन पटणारं कारण पुरतं.

सुट्टीच्या दिवशी मी सगळं रीतसर मांडलं. न्हाणीघरातल्या फळीवर काचेची वाटी, चपटा ब्रश, ऍसिड मारायला खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, मऊ फडकं. आधीचे काही दिवस बाकीची सगळी क्रीमं बंद ठेवली होती. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठ यांना पेट्रोलियम जेली फासली. तोंड धुऊन पूर्ण कोरडं केलं. मग कपाळापासून सुरुवात करून पातळ हात फिरवला. माझ्या हाताखाली तयार झालेली कुठलीही पोरगी बघत असती तर तिला चूक काढता आली नसती.

चुणचुण मात्र नाही. कपाळ गार, गाल गार.

माझ्या धंद्यातलं कोणीही अशा वेळी एकच निष्कर्ष काढेल, की माल जुना आहे. उघडलेल्या खोक्यातली बाटली, गोदामाच्या उकाड्यात पडून दम गेलेला. अशा वेळी आम्ही काय करतो? थोडा जास्त वेळ ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगत नाही, पण आमचं आम्हाला माहीत असतं. मी वेळ वाढवला. वर आणखी एक हात फिरवला.

भिंतीपलीकडे चमचा वाजायला लागला.

ती टकटक माझ्या ओळखीची नव्हती. तहानेची नव्हती, कुशीची नव्हती. जलद आणि हलकी, चमचा धरलेला हात थरथरत असावा तशी. "आले गं, आले! हात गुंतलेत माझे," मी ओरडून सांगितलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले. वेळ पुरा झाल्यावर सोड्याच्या पाण्याचं फडकं चेहऱ्यावर दाबलं.

टकटक त्याच क्षणी थांबली.

गेले तर आई डोळे मिटून पडली होती. कपाळावर घाम होता. "काय हवं होतं?" विचारलं, तर मान हलवून काही नको म्हणाली.

३

माझी कातडी सोलवटली नाही. सगळ्यांची सोलवटते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हनुवटीपासून कोंडा सुटतो, तो ओरबाडायचा नाही, हेही माझ्या पाठांतरात आहे. माझा चेहरा मात्र रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा नितळ दिसत गेला. कपाळावरचे डाग फिके झाले. ओठांच्या बाजूच्या दोन रेघा, ज्यांना भिंगरी लहानपणी कंस म्हणायची, त्या पुसट झाल्या.

सोलवटली ती आई.

आधी उशीवर पांढरा भुगा पडायला लागला. मग गालांवरून पातळ पापुद्रे सुटले. मावशी ओल्या कापसाने ते हळूच टिपून घ्यायच्या आणि तोंडाने चुकचुकायच्या. डॉक्टर घरी येऊन गेले. वयाची कोरडी कातडी आहे, म्हणाले, एक मलम लिहून दिलं आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मात्र तब्येत छान ठेवलीत हं."

मी लाजले. आईच्या खोलीच्या दारात उभी राहून, तिच्या उशीवर तिची कातडी पडलेली असताना, मी चक्क लाजले.

तिच्या डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठ तेवढे शाबूत होते. जिथे जिथे मी जेली लावली होती तिथे तिथे. मावशी म्हणाल्या, "बघा ना, कसं नेमकं आखल्यासारखं झालंय." मी म्हणाले, मलम आणायला खाली जाते, आणि जिन्यात बसून राहिले.

माझी बुद्धी काही गहाण पडलेली नाही. मी हिशेबी, रोकठोक बाई आहे. हवेतून माझ्या हाताचं काही उडालं असेल, एकच टॉवेल असेल, माझ्या बोटांना राहिलेलं तिच्या गालाला लागलं असेल. जिन्यात बसून मी अशी कितीतरी कारणं काढली. टॉवेल वेगळे होते. आणि त्या सबंध दिवशी मी आईच्या चेहऱ्याला हात लावलाच नव्हता, कारण माझा चेहरा आरशात बघण्यातून मला सवड झाली नव्हती.

मग एक जुनी गोष्ट आठवली. मी पडायचे, खरचटायचं, मी आकांत मांडायचे, आणि आई जखमेवर फुंकर घालून म्हणायची, "उगी. तुझं दुखणं मला येऊ दे." सगळ्यांच्याच आया म्हणतात. भिंगरीलाही ती हेच म्हणायची, दात येताना, कान दुखताना. भिंगरी तर पुढे पुढे मुद्दाम तिच्याकडेच जायची. "आजीने म्हटलं की थांबतं," असं मला सांगायची.

४

शंका घेऊन जगणं मला जमत नाही. एका दुपारी मावशींना लवकर सोडलं आणि बाटली घेऊन आईसमोर स्टूल ओढून बसले. आई जागी होती. खिडकीतून उजेड येत होता, खाली कुणाच्या तरी मोटारीचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत होता.

मी माझा डावा हात मांडीवर ठेवला. आईचा डावा हात चादरीवर होता, चमच्यासकट. मी ब्रश बुडवून माझ्या मनगटाजवळ एक ठिपका दिला.

गार.

मी तिच्या हाताकडे बघत होते. आधी काहीच झालं नाही, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी हसणार होते. मग तिने चमचा सोडला. बोटं मुडपली गेली. मनगटाजवळ काही उमटायला लागलंय असं वाटलं, तेवढ्यात आईने तो हात हळूहळू ओढून चादरीखाली घेतला.

माझ्याकडे पाहून ती हसली. अर्ध्याच चेहऱ्याने हसता येतं तिला आता.

मी धावत जाऊन हात सोड्याच्या पाण्यात घातला. परत आले, चादरीच्या कडेला हात लावला. वर करून बघायचं धाडस झालं नाही. तिने लपवलं म्हणजे मला दिसू नये असंच तिला वाटत होतं, अशी मी स्वतःची समजूत काढली. ते खरंही होतं. पण मी बघितलं नाही ते तिच्या इच्छेखातर नव्हे.

५

इथे गोष्ट थांबायला हवी होती. बाटली कचऱ्यात गेली असती, आईचे गाल मलमाने भरून आले असते.

पण काउंटरवर बायका वाकून वाकून माझ्याकडे बघायला लागल्या होत्या. "तुम्ही काय लावता तेच द्या." मॅडमनी मला बाजूला घेतलं. "परवा वरचे साहेब येतायत. नव्या काउंटरवर कोण उभं राहणार ते परवाच ठरणार. तुमची स्किन आत्ता काय दिसतेय हो! जे काही करताय ना, ते अजून एकदा करा."

मागे गोदामाचं दार उघडं होतं. आत ट्यूब लुकलुकत होती.

घरी जाईपर्यंत मी नाहीच म्हणत होते. जिना चढताना नाही म्हणत होते. मावशी गेल्या, आईला भरवलं, तिचं तोंड पुसलं. नवी कातडी आली होती, गुलाबी, इतकी पातळ की पाण्याचा हातसुद्धा तिला सोसत नव्हता. मी म्हणाले, "आई, बरं वाटतंय ना आता?" तिने मान हलवली. मग माझ्या गालाकडे टक लावून पाहत म्हणाली, "छान. दिसतेस."

एवढं ऐकल्यावर कुठल्याही लेकीने बाटली फेकली असती.

मी न्हाणीघरात गेले. कडी लावली. वाटी, ब्रश, फडकं. जेली या वेळी जास्त लावली, जास्तीत जास्त जागेवर, डोळ्यांभोवती तर दोनदा. जणू तेवढ्याने माझा चांगुलपणा सिद्ध होणार होता. नव्या कातडीवर इतक्या लवकर पुन्हा पील लावायचं नसतं. हे मी हजार जणींना बजावलं आहे. माझी कातडी नवी नव्हतीच, मी मनाशी म्हणाले. माझी तर सोलवटलीच नव्हती.

पहिला हात फिरवताच पलीकडे चमचा सुरू झाला.

मी नळ सोडला. पूर्ण सोडला, बादलीत पाणी दणदण पडायला लागलं. चमचा ऐकू येईनासा झाला. मी आरशात माझ्याकडे बघत उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेही सांगून टाकते. मी घड्याळ बघत होते.

६

नवं काउंटर मला मिळालं. वर मोठा आरसा आहे, चहूकडून पांढरा उजेड.

"ताई," मावशींनी पीलच्या दुसऱ्याच दिवशी सरळ विचारलं होतं, "राग मानू नका. तुम्ही आईंना काही लावता का?"

"मी?" माझा आवाज चढला. "स्वतःच्या आईला? तिच्या चेहऱ्याला मी मलमाशिवाय काहीही लावलेलं नाही!"

शब्द न् शब्द खरा होता. मावशींनी मान खाली घातली आणि माझी माफी मागितली. आणि मी ती दिली.

बाटली मी त्याच दिवशी टाकून दिली. आईच्या पायाशी बसून रडले, पुन्हा नाही करणार म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसं. तिच्या गालांवर मलमाची पट्टी होती. तिने डाव्या हाताने माझं डोकं चाचपलं. खूप वेळ शब्द जुळवत राहिली आणि म्हणाली, "लागलं... नाही ना तुला?"

मला वाटलं, बाटली गेली म्हणजे संपलं.

त्याच आठवड्यात चहा गाळताना पातेलं निसटलं. उकळता चहा माझ्या पावलावर सांडला. मी सवयीने किंचाळले आणि मग गप्प झाले. पाऊल ओलं होतं, वाफ निघत होती, आणि मला काही वाटत नव्हतं. आतल्या खोलीत चमचा फरशीवर पडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी फार जपून जगते. सुरीने भाजी चिरत नाही, मावशी चिरून ठेवतात. जिना कठडा धरून उतरते. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर आधी घरी फोन करते. दुकानात सगळ्या म्हणतात, किती शांत झाल्यात तुम्ही, आणि वयच कळत नाही तुमचं. आई पलंगावर दिवसेंदिवस लहान होत चालली आहे. मावशी तिला आता एका हाताने कुशीवर वळवतात.

७

काल सकाळी मी दुकानात निघायच्या तयारीत होते, मावशी यायच्या होत्या, आणि फोन वाजला. जावयाचा नंबर. पण आवाज भिंगरीचा होता.

"आई, कळा सुरू झाल्यात." मागे चाकांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. "आई गं, नाही सहन होत. डॉक्टर म्हणतात अजून खूप वेळ आहे. मला नाही जमणार."

"जमतं गं. सगळ्यांना जमतं. श्वास घे."

"आई, काहीतरी बोल ना."

मला कळलं तिला काय हवंय. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. जगातली कुठलीही आई अशा वेळी विचार न करता ते म्हणते, आणि म्हणून काही होत नाही. मीही कितीदा म्हणाले असेन. मी तोंड उघडलं. तुझं, एवढा एक शब्द आला. पुढे माझी जीभ वळेना. मला चटक्यांची भीती वाटते. ती पोर तिकडे विव्हळत होती आणि मी रिसीव्हरवर हात ठेवावा तसा स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभी होते.

"आई? आहेस ना?" मग ती रडत म्हणाली, "आजीला दे ना फोन. एकदाच दे."

आजी झोपलीय, असं म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम. मी काउंटरवर रोज याहून मोठं खोटं बोलते.

आतून टकटक झाली. हलकी, सावकाश, एकदा, दोनदा. हीसुद्धा माझ्या ओळखीची नव्हती, पण कळली. मी दारात गेले. आई जागी होती, डोळे माझ्या हातातल्या फोनवर. तिने चमचा बाजूला ठेवला आणि डावा हात पुढे केला. मनगट उघडं होतं. या वेळी तिने ते लपवलं नाही.

"आजीला देते हं, बाळा," मी म्हणाले.

फोन स्पीकरवर टाकला, उशीवर तिच्या कानाशी नीट टेकवून ठेवला, घसरू नये म्हणून अभ्र्याची घडी लावली. भिंगरीचा आवाज खोलीभर झाला. आईचे ओठ हलायला लागले. एकेक शब्द ती जुळवत होती, घाई न करता.

शेवटचा शब्द यायच्या आत मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला.